रंगाआधी पाण्याची वाट शोधा

पत्र

आमचं दांडिया बाजारात सासऱ्यांच्या वेळचं दुमजली घर आहे. आम्ही वर राहतो. खाली चार वर्षांपासून एक तरुण जोडपं भाड्यानं आहे, स्वभावानं फार चांगली माणसं. खालच्या पुढच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत ओल आहे. दर दिवाळीला खरवडून, पुट्टी मारून रंग देतो. पुढच्या श्रावणात पुन्हा फुगे, पोपडे आणि पांढरी पावडर. त्यांचं बाळ दीड वर्षाचं आहे, यंदा पावसाळाभर खोकत होतं. परवा ती मुलगी म्हणाली, “काकू, दिवाळीनंतर आम्ही दुसरं घर बघतोय.” मला फार वाईट वाटलं.

शिवाय यांच्या निवृत्तीच्या पैशातून गोत्रीला दोन बेडरूमचा नवा फ्लॅट घेतला. ताबा घेऊन साडेतीन वर्षं झाली. आधीचा भाडेकरू गेल्यावर सात-आठ महिने बंद होता. आता उघडला तर कुबट वास, पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या कपाटामागे काळी बुरशी, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर वरून उतरलेला पिवळा डाग. दलाल म्हणतो, दोन्हीकडे पीव्हीसी पॅनेल ठोका, ओल दिसणार नाही, भाडंही वाढवून मिळेल. एक वॉटरप्रूफिंगवाला दांडिया बाजारच्या घरासाठी दहा वर्षांची गॅरंटी देतो आणि पावणेदोन लाख मागतो. कधी वाटतं फ्लॅट विकून मोकळं व्हावं. काय करू?

— एक वाचक, बडोदे

उत्तर

ताई,

हे वाचून झालं की आधी एक काम करा. खालच्या ओल्या भिंतीत स्विचबोर्ड किंवा प्लग असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढी लाइन बंद करून घ्या आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते त्याला पाहायला सांगा. नसेल तर आजच बसवा. दीड वर्षाचं बाळ भिंत धरत धरत चालतं. ओल्या भिंतीत उतरलेला करंट डोळ्यांना दिसत नाही. दुसरं, बाळाचं अंथरूण त्या खोलीतून हलवा. मागच्या कोरड्या खोलीत जागा नसेल तर तुमच्याकडे वर झोपू दे काही दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की ओल असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, संसर्ग आणि दमा वाढण्याचा धोका जास्त असतो. बाळाच्या खोकल्याचं कारण डॉक्टरच सांगतील, पण “आमच्या घरात ओल आहे” हे त्यांच्या कानावर घालायला त्या मुलीला नक्की सांगा.

आता पॅनेलबद्दल. माझा त्याला ठाम विरोध आहे. भिंतीत चढलेलं पाणी आतल्या बाजूनं हवेत उडून जायला बघतं. तिथे प्लॅस्टिक ठोकलं की त्याला उडायला जागा राहत नाही, मग ते आणखी वर सरकतं. आज ओलीची रेष साडेतीन फुटांवर आहे. पॅनेलमागे ती पाच फुटांवर कधी गेली हे तुम्हाला कळणारही नाही. मी जुन्या बडोद्यातल्या घरांच्या दुरुस्तीचं काम अनेक वर्षं करते आहे, आणि उतरवलेल्या पॅनेलमागे काय निघतं ते पाहिलं आहे: खालच्या लाकडी पट्ट्या वाळवीनं पोकळ झालेल्या, भिंतीवर काळा-हिरवा थर, आणि खोलीत इतके दिवस कुठून येतो ते न कळलेला वास. पॅनेल काढायचं, सडलेलं फेकायचं आणि मग मूळ दुखणं हाती घ्यायचं, असा दुहेरी खर्च पुढे तुमच्याच माथी येतो.

तुमच्याकडे खरं म्हणजे तीन वेगवेगळी पाणी आहेत, आणि तिन्हींची वाट वेगळी. दांडिया बाजारात पाणी जमिनीतून वर चढतंय. गोत्रीला एक पाणी बाहेरच्या भिंतीतून आणि बंद हवेतून येतंय, दुसरं बहुधा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून उतरतंय. तिन्हींवर एकच ‘केमिकल’ मारणाऱ्या माणसानं यातलं काहीच पाहिलेलं नाही.

दांडिया बाजारच्या भिंतीपासून सुरुवात करते, कारण तिथे माणसं राहताहेत.

सासऱ्यांच्या वेळचं घर म्हणजे जाड विटेची भिंत आणि चुन्याची जुळणी. आज जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा जो डीपीसीचा थर घालतात तो अशा घरांत सहसा नसतो. विटेला बारीक छिद्रं असतात. समईची वात तेल ओढते तसं ती जमिनीतलं पाणी वर ओढते. हे पाणी साधारण तीन-चार फुटांपर्यंत चढतं, कारण तिथवर येईतो चढणारं पाणी आणि उडून जाणारं पाणी यांचा हिशेब बरोबरीत येतो. तुमची साडेतीन फुटांची रेष अगदी याच मापात बसते. पाणी उडून जातं, पण त्यानं जमिनीतून आणि विटेतून आणलेले क्षार मागे राहतात. रंगाच्या आणि गिलाव्याच्या आड त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंग आतून ढकलून फोडतात. तुम्हाला दिसणारी पांढरी पावडर ती हीच. या क्षारांचा आणखी एक त्रास असा की ते हवेतली वाफही ओढून घेतात. म्हणून जमिनीतलं पाणी पूर्ण थांबवलं तरी श्रावणात तीच भिंत पुन्हा ओलसर दिसू शकते. नुसती ओल थांबवून भागत नाही, क्षार काढावे लागतात ते यासाठी.

एक छोटी परीक्षा करा. जिथे पोपडा सुटला आहे तिथे जुन्या चाकूच्या टोकानं इंचभर खरवडा. आत करडा, कडक थर लागला तर मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला आहे. पांढरट-गुलाबी, बोटांनी चुरडला जाणारा निघाला तर मूळचा चुना-सुरखीचा, म्हणजे चुना आणि विटेच्या भुकटीचा, गिलावा अजून शाबूत आहे. माझा अंदाज सिमेंटचाच आहे. चुन्याचा गिलावा ओल सहज बाहेर सोडतो. सिमेंट आणि त्यावरचा प्लॅस्टिक पेंट ती आत कोंडतात. दर दिवाळीला तुम्ही पुट्टी आणि रंगाचा आणखी एक थर चढवत गेलात, म्हणजे भिंतीला वाळायची वाट दर वर्षी थोडी अरुंद होत गेली. यात दोष तुमचा नाही, रंगारी हेच सांगतात.

काम मात्र भिंतीच्या बाहेरून सुरू करायचं. ओटल्याला पूर्वी किती पायऱ्या होत्या ते यजमानांना विचारा. जुन्या गल्ल्यांत रस्त्यावर रस्ता चढत जातो आणि घराचं जोतं खाली जातं. आज कदाचित तुमच्या आतल्या फरशीची आणि बाहेरच्या रस्त्याची पातळी जवळपास एक झाली असेल. तसं असेल तर भिंतीचा पाय बाराही महिने ओल्या मातीत आहे. मग बघा, गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाइप कुठे सुटतो. भिंतीच्या पायाशीच सुटत असेल, आणि अनेक घरांत तो तसाच सुटतो, तर तिथे एक वळण जोडून पाणी गटारापर्यंत न्यायला फार खर्च येत नाही. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा घालून घ्या. गल्ली अरुंद असेल तर निघेल तेवढा. मोरीची खाळ आणि तिच्यापुढचा पाइप फुटलेला नाही ना ते पाहा. घराच्या पोटात जुनं टांकं किंवा नंतर बांधलेली जमिनीखालची टाकी असेल तर एका रात्री आत येणारं पाणी बंद करा, मोटर लावू नका, काठीवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर तुमच्या भिंतीला पाणी पाजणारी तीच.

पुराबद्दलही लिहायला हवं, कारण बडोद्यात ओलीचा विषय निघाला की विश्वामित्री नदीचं नाव येतंच. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टमधला पूर कुणी विसरलेलं नाही. पुराचं पाणी भिंतीत शिरलं तर भिंत महिनोन्महिने ओली राहते, हे खरंच. पण ती हळूहळू वाळत जाते आणि दर वर्षी डाग लहान होत जातो. तुमची ओल दर श्रावणात त्याच उंचीवर परत येते, आणि तुम्ही वर्षानुवर्षं रंग देताय. म्हणजे पुरानं फार तर भर घातली असेल, मूळ कारण तो नाही.

बाहेरचं काम दिवाळीच्या आत होऊ शकतं. त्यानंतर आतलं. ओलीच्या रेषेच्या वर आणखी हातभर घेऊन तिथवरचा सगळा सिमेंटचा गिलावा विटेपर्यंत उतरवायचा. विटांच्या सांध्यांतला भुगा झालेला चुना अर्धा-पाऊण इंच खोल कोरून काढायचा. वर दिसणारे क्षार कोरड्या ब्रशनं झाडून, सुपडीत गोळा करून घराबाहेर टाकायचे. पाण्यानं धुवायचे नाहीत, इथे गवंड्याला उभं राहून सांगा, कारण धुतलं की क्षार विरघळून परत विटेत जातात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. जिथे क्षार फार आहेत तिथे रद्दी कागद भिजवून केलेल्या लगद्याचा बोटभर जाड लेप विटेवर थापा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळता वाळता तो विटेतले क्षार स्वतःत ओढून घेतो. मग भिंतीवरून पापड निघावा तसा सुटतो आणि त्याच्या पाठीवर पांढरे कण दिसतात. तो फेकून द्यायचा, गरज असेल तर दुसरा थापायचा. हे काम गवंड्याशिवाय, घरच्या माणसांनाही करता येतं.

यानंतर भिंत उघडी ठेवायची. सगळ्यांचा धीर इथेच सुटतो. विटेची भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात. दीड विटेची भिंत पूर्ण वाळायला वर्षही लागू शकतं. तुम्हाला तेवढं थांबता येणार नाही, आणि थांबायची गरजही नाही, कारण नवा गिलावा चुन्याचा केला तर उरलेली ओल त्यातून निघत राहते. बडोद्याचा हिवाळा कोरडा असतो. दिवाळीनंतर भिंत उघडी करा, माघ-फाल्गुनापर्यंत वारं लागू द्या, आणि मग चुना-सुरखीचा गिलावा. वैशाखाच्या उन्हात तो करू नका, चुना फार पटकन वाळला की त्याला भेगा पडतात. त्याला काही दिवस हलकं पाणी मारून सावकाश घट्ट होऊ द्यावं लागतं. वरून चुन्याची सफेदी. प्लॅस्टिक पेंट नको, पुट्टी नको. चुन्यावर हात फिरवला की थोडं पांढरं लागतं, ही गोष्ट भाडेकरूंना आधी सांगून ठेवा.

बाहेरचं पाणी वळवून आणि गिलावा बदलूनही पुढच्या पावसाळ्यात ओल चढलीच, तर इंजेक्शनचा विचार करा. यात भिंतीच्या तळाशी चार-पाच इंचांवर भोकं पाडून विटेला पाणी ओढू न देणारं सिलेन-सिलोक्सेनचं द्रावण आत सोडतात. ते काम करतं, पण जुन्या भिंतीत पोकळ्या असतात, द्रावण कुठे गेलं ते नेहमी कळत नाही. म्हणून मी ते शेवटी ठेवते. पावणेदोन लाखवाल्याला एकच प्रश्न विचारा: “पाणी कुठून येतंय, ते लिहून द्याल का?” भिंतीवर हात फिरवून, बाहेर न जाता, पाइप न बघता दर चौरस फुटाला भाव सांगणाऱ्याची दहा वर्षांची गॅरंटी घेऊ नका. गॅरंटीच्या कागदात बहुतेक वेळा ‘जमिनीतून येणारी ओल वगळून’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तो कागद सही करण्याआधी मागून घेऊन घरी वाचा.

आता त्या जोडप्याकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त तेच जाणवलं.

घराच्या भिंती, छप्पर, जमिनीत पुरलेले पाइप ही मालकाची बाजू. कायदाही तेच धरून चालतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये म्हटलं आहे की मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्यानं कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करू शकतो. त्या मुलीनं कायदा काढला नाही, तुम्हाला काकू म्हणून सांगितलं. म्हणून तुम्ही खाली जाऊन, चहा घेताना, सरळ सांगा: चूक भिंतीची आहे, तुमची नाही. आम्ही हे काम करतोय, एका वेळी एकच खोली उघडू, धूळ उडेल त्या दिवसांत बाळाला घेऊन वर या, आणि काम चालेल तितके महिने भाडं इतकं कमी घेऊ. आकडा तुम्ही ठरवा, पण एक खोली वापरता येत नसेल तर निम्म्याच्या आसपास सोडणं मला रास्त वाटतं. एवढं ऐकूनही ते गेले तर अनामत पूर्ण परत द्या. ओलीमुळे खराब झालेल्या रंगाचे पैसे त्यातून कापू नका.

त्यांच्याकडूनही थोडं हवं. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. बाळ असलेल्या घरात पावसाळ्यात कपडे बाहेर कुठे वाळवणार, हे मलाही कळतं. म्हणून तुमच्या वरच्या गच्चीवर पत्र्याखाली एक दोरी त्यांना बांधून द्या. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत एक्झॉस्ट पंखा तुमच्या खर्चानं बसवा. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर राहू दे. पुढचा करार लिहाल त्यात एक ओळ घाला की ओल दिसल्यावर भाडेकरूनं आठवड्यात कळवायचं आणि मालकानं कळवल्यापासून पंधरा दिवसांत पाहणी करायची. दोघांच्या सह्यांनी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो ठेवले की पुढे वाद होत नाहीत.

गोत्रीच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी, आणि तिथे तुमच्या हातात एक हक्क आहे जो तुम्ही अजून वापरलेला दिसत नाही. रेरा कायद्याच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम १४ मध्ये लिहिलं आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा. तुमची साडेतीन वर्षं झाली आहेत. रंगवायला माणूस बोलावण्याआधी डागांचे, बुरशीचे, बाहेरच्या भिंतीवरच्या भेगांचे फोटो काढा आणि बिल्डरला लेखी पत्र पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. तोंडी सांगणं, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा पाहणं पुरत नाही. तीस दिवसांत काही झालं नाही तर गुजरात रेराकडे तक्रार करता येते. एकदा का तुम्ही पॅनेल ठोकलं किंवा नवा गिलावा केला की दोष कुणाचा हे सिद्ध करणं अवघड होऊन बसेल.

पश्चिमेच्या भिंतीचं नक्की कारण शोधायला अॅल्युमिनियम फॉइल वापरा. कपाट बाजूला करा, बुरशी पुसा, हातरुमालाएवढा फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर बंद हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. दोन्ही बाजूंना असतील तर दोन्ही. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींना झोडपा जास्त. तिथे बाहेरून पाहताना कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात ती उभी रेष, खिडकीखालचा काठ आणि एसीच्या पाइपचं भोक या तीन जागा बघा. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखं फुगत नाहीत, म्हणून त्या रेषेवर जाळी न घालता गिलावा केला की भेग पडतेच.

बुरशी पुसताना तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. कोरडी झाडू नका, त्यानं ती घरभर उडते. साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसा, फडकी टाकून द्या. प्लायवूडच्या आत शिरलेली बुरशी निघत नाही. कपाटाची पाठ काळी पडली असेल तर ती फळी फेका.

पिवळ्या डागासाठी वरच्या फ्लॅटवाल्यांकडे जा, पण भांडायला नाही. त्यांना म्हणा, आपण दोघं मिळून एक परीक्षा करू. त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी साठून राहतं त्या वळणात, नीळ किंवा खायच्या रंगाचं पाणी ओता आणि दोन दिवस तुमचा डाग पाहा. निळा झाला तर ट्रॅपचा सांधा किंवा फरशीचे सांधे गळतात. नाही झाला तर नळाचा दाबाचा पाइप तपासा. तो पाइप गळत असेल तर डाग पाऊस नसतानाही ओला राहतो. रंग समोर दिसल्यावर बहुतेक माणसं ऐकतात. हेही बांधकामाच्या दोषात येऊ शकतं, म्हणून बिल्डरच्या पत्रात त्याचा उल्लेख करा आणि वरच्यांनाही पाच वर्षांच्या मुदतीबद्दल सांगा.

फ्लॅट बंद ठेवायचा असेल तर नहाणीत आणि बेसिनमध्ये पाणी घालून वर चमचाभर गोडेतेल सोडा. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची दमट हवा आणि झुरळं आत येतात. तुमच्या कुबट वासातला काही भाग तोच असू शकतो. तेलाचा थर पाणी सुकू देत नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन कपाटांची दारं उघडून पंखे लावावेत. भर पावसात मात्र दिवसभर खिडक्या उघड्या टाकून काही साधत नाही, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. तेव्हा एसी ड्राय मोडवर तास-दोन तास चालवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशी सहसा धरत नाही.

विकण्याबद्दल मला एवढंच वाटतं की आज, या अवस्थेत विकू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पॅनेल ठोकून विकणं म्हणजे तो दोष लपवणंच. आणि सांगून विकाल तर समोरचा त्या डागाच्या दसपट भाव पाडेल. आधी बिल्डरकडून काम करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग विकायचं की भाड्यानं द्यायचं ते यजमानांबरोबर बसून ठरवा.

पैशांचं म्हणाल तर घरभाड्याच्या उत्पन्नातून, पालिकेचा कर वजा केल्यावर, ३० टक्के प्रमाणित वजावट आयकरात मिळते. दुरुस्तीवर एक पैसाही खर्च केला नाही तरी तेवढीच, आणि दोन लाख केले तरी तेवढीच. म्हणजे यंदाच्या दुरुस्तीच्या बिलावर वेगळी सूट मिळणार नाही. दर महिन्याच्या भाड्यातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर पुढच्या खेपेला एकदम एवढा बोजा पडणार नाही.

दिवाळीआधीचा क्रम असा ठेवा: आज वीज, उद्या खाली जाऊन बोलणं, या आठवड्यात बिल्डरला पत्र, आणि पंधरा दिवसांत पावसाचा पाइप आणि बाहेरचा कोबा. गवंडी पक्का करण्याआधी मला तीन फोटो पाठवा: रस्त्यावरून काढलेला ओटला आणि जोतं, गच्चीच्या पाइपाचं खालचं तोंड, आणि चाकूनं खरवडलेली ती इंचभर जागा. ते पाहून जोतं उंच करायला लागेल का, ते सांगते.